साडेबावीस आठवडे: एका बॉल पायथनच्या उपासाचं प्रकरण

वहीच्या पानांवर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एक फुली. मी मोजल्या, ३९ भरल्या. प्रत्येक फुली म्हणजे सापापुढे धरलेलं एक भक्ष्य आणि सापाने फिरवलेलं तोंड.

"एकदाही खाल्लं नाही?"

"एकदाही नाही, डॉक्टर. सुरुवातीला जीभ तरी लावून बघायचा. आता उंदीर समोर आला की डोकं वेटोळ्यात खुपसून घेतो." मग पिशवीची गाठ सोडता सोडता साप घेऊन आलेल्या त्या मुलीने हळूच विचारलं, "मी त्याला उपाशी मारतेय का?"

पिशवीतून निघाला तो बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, तीन वर्षांचा, साडेतीन फुटांच्या आसपास. शेवटचं खाणं १९ आठवड्यांपूर्वीचं. त्याआधी दर आठवड्याला एक रॅट, तोही चिमट्यातून हिसकावून घेणारा. असा साप एका आठवड्यात खायचा थांबतो आणि पुढचे साडेचार महिने थांबलेलाच राहतो, तेव्हा सांभाळणाऱ्याची झोप उडणं साहजिक आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण त्यात दोन कारणं एकमेकांत गुंतली होती आणि त्यातलं दुसरं मला पहिल्या पंधरा मिनिटांत दिसलं नव्हतं. त्या मुलीने वही इतकी नीट ठेवली नसती, तर कदाचित दिसलंही नसतं.

सापाच्या भुकेचा हिशेब

"जेवत नाही" हे शब्द आपल्या कानाला आजारासारखेच लागतात. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर दवाखाना गाठावाच लागतो. सापाचा हिशेब निराळा आहे. आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो. सापाला तो खर्चच नाही, तो ऊब बाहेरून घेतो. त्यात अजगराच्या जातीचे साप दोन खाण्यांच्या मधल्या काळात पचनसंस्था आवरून ठेवतात. स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड यांनी १९९०च्या दशकात बर्मी अजगरांवर हे काम केलं. मोठं भक्ष्य गिळल्यावर अजगराच्या चयापचयाचा वेग चाळीसपटीच्या घरात जाऊ शकतो आणि लहान आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत जवळपास दुप्पट होतं. हृदयाचा स्नायूसुद्धा दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढतो, असं २००५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवलं. पचन संपलं की हे सगळं पुन्हा आक्रसतं. भट्टी पेटवायलाच इतकं लाकूड लागत असेल, तर ती विझवून ठेवणंच परवडतं.

मार्शल मॅक्क्यू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक १६८ दिवसांपर्यंत उपाशी ठेवले होते. काही सापांनी विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी कमी केला, आणि आश्चर्य म्हणजे त्या काळात त्यांची लांबी थोडी वाढलीसुद्धा. त्या मुलीला मी हे सांगितलं, तेव्हा तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले.

बॉल पायथन तर सगळ्यांत खोडसाळ. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला हा साप दिवस उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते आणि बहुतेकदा त्या काळात खात नाही. वयात आलेले नर विणीच्या दिवसांत, म्हणजे हवा गार होऊन दिवस लहान होतात तेव्हा, खाण्याकडे पाठ फिरवतात. आपल्या घरात मादी असो वा नसो, त्यांच्या अंगातलं घड्याळ चालूच असतं.

वहीतली पहिली फुली नेमकी त्याच दिवसांतली होती. तो नर आहे हे तिला विकणाऱ्याने सांगितलेलं, पण अशा सांगण्यावर मी विसंबत नाही. बारीक सळईने तपासलं तर ती शेपटीकडे आठ खवले आत गेली. मादीत ती तीन-चार खवल्यांपुढे जात नाही. म्हणजे नर, वय तीन, हंगाम जुळतो. माझं मत बनत चाललं होतं: हंगामी उपास आहे, थांबा, खाईल.

तपासणी

तरीही तोंड उघडून बघितल्याशिवाय कुठल्याच न खाणाऱ्या सापाला मी परत पाठवत नाही. तोंड आतून फिकट गुलाबी, स्वच्छ. दातांच्या कडेला पिवळट साका नाही, लाळेच्या तारा नाहीत. श्वासाला घरघर नाही, नाकपुडीवर बुडबुडा नाही. पोटाच्या मधल्या भागात गाठ किंवा फुगवटा हाताला लागला नाही. हे महत्त्वाचं, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने जठराची भिंत जाड होते, मग साप खाल्लेलं ओकतो आणि खंगत जातो. याने उपासाआधी कधी ओकलं नव्हतं. पाण्याने आतडं धुऊन घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात जंतांची अंडी मिळाली नाहीत. ओल्या पांढऱ्या कागदावर त्याला दोन-तीन वेळा फिरवलं, गोचिडीसारखे बारीक काळे ठिपके एकही उतरले नाहीत.

पाठीवरून अंगठा फिरवला. हे मी प्रत्येक सांभाळणाऱ्याला करून दाखवतो. उपाशी, खंगलेल्या सापाचा कणा घराच्या आढ्यासारखा वर येतो आणि दोन्ही बाजूंचं मांस उतरतं. याची पाठ अजून गोल होती.

मात्र तीन गोष्टी खटकल्या. नाकाच्या टोकावरचा खवला घासून पांढुरका झाला होता. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची चिवट, करकरीत अंगठी अडकलेली होती. आणि मानेपासून वीतभर मागे, पाठीवर, दोन बारीक व्रण होते, एकमेकांशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे.

"हे काय?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "दहाव्या आठवड्यात जिवंत उंदीर सोडला होता. मेलेला खात नाही म्हणून. मी पाणी प्यायला गेले, तेवढ्यात..."

तिला रागावण्यात अर्थ नव्हता, तिने घाबरून केलं होतं. पण हे स्पष्ट लिहायला हवं: भूक नसलेल्या सापाजवळ सोडलेला जिवंत उंदीर साप खात नाही, उंदीर सापाला कुरतडतो. या सापावर दोनच व्रण होते. कणा उघडा पडलेले सापही मी टाके घालायला घेतले आहेत.

वजनाची रेघ

आता वही. फुल्यांच्या पानांमागे वजनं होती, घरच्या काट्यावर घेतलेली. मी ती कागदावर उतरवून काढली. शेवटचं खाणं पचून विष्ठा पडून गेल्यावरचं वजन १,३१० ग्रॅम. अकराव्या आठवड्याच्या शेवटी १,२९२. माझ्याकडे आला त्या दिवशी १,२३२.

एकूण उतार ७८ ग्रॅम, म्हणजे सहा टक्के. साडेचार महिन्यांच्या उपासाला सहा टक्के फार नाहीत. प्रौढ सापाचं वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं की मी स्वस्थ बसत नाही, त्याच्या आत असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल तर थांबायला तयार असतो. इथेच मी वही मिटणार होतो.

पण उतार एकसारखा नव्हता. पहिल्या ११ आठवड्यांत १८ ग्रॅम गेले, पुढच्या आठ आठवड्यांत ६०. आठवड्याला दीड ग्रॅमचा खर्च एकदम साडेसात ग्रॅमवर गेला होता. हंगामी उपासाची रेघ अशी मध्येच मोडत नाही. साप तोच, उपास तोच, मग अकराव्या आठवड्यात झालं काय?

"तेव्हाच मी त्याला नवीन टँक आणला," ती म्हणाली. "चार फुटी, काचेचा. वाचलं होतं की लहान डब्यात साप उदास होतो."

नवीन टँक

तिच्या फोनमधले फोटो आम्ही एकेक करून पाहिले. आधीचं घर म्हणजे प्लास्टिकचा अपारदर्शक, बुटका डबा, त्यात एक उलटं घातलेलं कुंडं. नवं घर चारही बाजूंनी काचेचं, वर जाळी, जाळीवर दिवा. आत एक मोठी ओंडक्याची कमान, दोन्ही तोंडांनी उघडी. ती म्हणाली, "आता तो दिसतो तरी."

दिसतो, हाच त्याचा त्रास होता. बिळात जगणाऱ्या सापाला सुरक्षित वाटतं ते अंगाला चारही बाजूंनी काहीतरी टेकलं की. कमानीखाली बसलेला हा साप चहूकडून उघडा होता. रात्रभर तो काचेच्या कडेने फिरत राहायचा, नाकाने फट शोधत. घासलेला खवला तिथून आलेला. फिरण्यात ऊर्जा जात होती.

दुसरं, हवा. जाळीचं झाकण आणि वरचा दिवा मिळून टँकमधला दमटपणा शोषून घेतात. तिच्या मापकावर ३५ ते ४० टक्के आर्द्रता दिसत होती. या सापाला साधारण ५५ ते ६५ टक्के लागते, कात टाकताना त्याहून थोडी जास्त. कोरड्या हवेत अंगातलं पाणी उडतं, कात एकसंध उतरत नाही. म्हणजे गेलेल्या ६० ग्रॅमपैकी काही मांस-चरबी नव्हतीच, ते पाणी होतं.

तिसरं, तापमान. "३२ आहे, रोज बघते," ती ठामपणे म्हणाली, आणि फोटोत तबकडीच्या तापमापीवर खरंच ३२ दिसत होते. पण ती तबकडी काचेला, दिव्याशेजारी, जमिनीपासून फूटभर वर चिकटवलेली होती. साप राहतो जमिनीवर. घरी जाऊन तारेच्या टोकाचं डिजिटल मापक कमानीखाली ठेवून तिने आकडा कळवला: २७. गार कोपऱ्यासाठी हा आकडा ठीक आहे. उबेच्या कोपऱ्यासाठी पाच अंशांनी कमी. जिथे भक्ष्य पचायची खात्री नाही तिथे साप खायचं टाळतो, कारण न पचलेलं भक्ष्य पोटात कुजणं त्याला उपासापेक्षा महाग पडतं.

टँक मोठा होता म्हणून हे झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. मोठं घर चांगलंच, सापाला पसरता येतं, चढता येतं. पण ते भरलेलं हवं. मोकळी चार फूट काच म्हणजे या सापासाठी मैदान.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे उपाय. पहिले चार आठवडे ती आठवड्यातून एकदाच भक्ष्य देत होती. मग काळजीने दर तीन दिवसांनी. रॅट झाला, माऊस झाला, कोंबडीचं पिल्लू झालं. रोज वजन, म्हणजे रोज हातात घेणं. प्रत्येक नकाराबरोबर तिची धास्ती वाढायची आणि पुढचा प्रयत्न आणखी लवकर व्हायचा. सापाच्या बाजूने बघितलं तर दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी झाकण उघडतं, तोंडासमोर काहीतरी नाचवतं, आणि एकदा त्यातलंच एक चावतं. डोकं वेटोळ्यात घालून घेणं हे त्याने शिकलेलं उत्तर होतं.

उपास हंगामाने सुरू केला आणि घराने तो लांबवला, असं माझं निदान झालं.

काय केलं

"नळीने भरवायचं का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. जबरदस्तीने भरवणं हे खंगलेल्या सापासाठी, आणि तेही सवयीच्या हातांनी करायचं काम आहे. अन्ननलिकेला इजा होऊ शकते, साप ओकू शकतो, आणि खाणं म्हणजे छळ हे त्याच्या मनात आणखी पक्कं होतं. सहा टक्के उतरलेल्या सापाला त्याची गरज नव्हती.

सल्ला सोपा होता, पाळायला अवघड. आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात अर्धा तास ठेवून शेपटीची कात सोडवली. मग साप जुन्या डब्यात परत. डब्यात दोन लपायच्या जागा, एकेकच तोंड असलेल्या, इतक्या अरुंद की वेटोळं तिन्ही बाजूंना टेकेल. एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, म्हणजे ऊब आणि आडोसा यातलं एक निवडायची वेळ त्याच्यावर येऊ नये. तळाला हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली, आणि मापकाचं टोक उबेच्या लपणीच्या जमिनीवर, ३२ अंशांवर. आर्द्रता ६० टक्के. पाणी बदलायचं, बाकी हात लावायचा नाही. आणि १४ दिवस भक्ष्य दाखवायचंसुद्धा नाही.

शेवटची अट ऐकून तिचे डोळे भरून आले. "अजून दोन आठवडे उपाशी?" मला कळत होतं. जीव लावलेल्या प्राण्याला काही न करणं हे काहीतरी करण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

भक्ष्याचीही एक चूक सापडली. फ्रीझरमधला उंदीर ती कोमट पाण्यात ठेवून "हाताला गरम लागला" की द्यायची. आपल्या तळहाताची कातडीच ३२-३३ अंशांची, तिला पस्तीसही गरम लागू शकतं. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात तो भक्ष्याची ऊब बघतो. उंदीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर पूर्ण वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ३८-४० अंशांपर्यंत आणायचा, अंग कोरडं ठेवायचं. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आतून शिजतो आणि फुटतो.

पुढे काय झालं

पंधराव्या दिवशी, भक्ष्य द्यायच्या आधी, तिने वजन केलं. १,२३९ ग्रॅम. काहीही न खाता सात ग्रॅम वाढले होते. तो पाणी प्यायला होता आणि प्यायलेलं अंगात टिकत होतं. मला त्या आकड्याने जितका दिलासा दिला, तितका नंतरच्या खाण्यानेही दिला नाही.

त्या रात्री साठेक ग्रॅमचा लहान रॅट, दिवे मालवून, लांब चिमट्याने. सापाने लपणीच्या तोंडाशी येऊन जीभ काढली आणि परत आत गेला. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. मी एकच विचारलं: डोकं लपवलं का? नाही, म्हणाली, बघत होता. मग हा नकार आधीच्या ३९ नकारांसारखा नाही, मी म्हटलं, आता दहा दिवस काहीही नको.

दहाव्या दिवशी रात्री तिने व्हिडिओ पाठवला. लाल उजेडात लपणीचं तोंड, त्यातून आलेलं चपटं डोकं. जीभ आत-बाहेर, पण सावकाश, प्रत्येक वेळी थोडी जास्त वेळ बाहेर थांबणारी. मानेचा इंग्रजी एससारखा वळसा हळूहळू घट्ट होत जातो. चिमटा थरथरतोय, तिचा हात हललाय. मग काही दिसत नाही, इतकं जलद, आणि पुढच्या क्षणी उंदराभोवती तीन विळखे. व्हिडिओत तिचा आवाज नाही, फक्त श्वास आहे.

शेवटच्या खाण्यापासून साडेबावीस आठवडे झाले होते.

पुढचं भक्ष्य बारा दिवसांनी, तेवढंच लहान. आक्रसलेल्या पचनसंस्थेवर लगेच मोठं भक्ष्य लादलं तर साप ओकतो, आणि ओकणं सापाला फार महाग पडतं. दोन महिन्यांत तो नेहमीच्या आकारावर आला, पण आठवड्याला एक हे वेळापत्रक आम्ही परत आणलं नाही. प्रौढ नराला दोन आठवड्यांनी एक पुरतो. खरं तर आधीही तो थोडा जास्तच खात होता, आणि भरल्या अंगाचा साप उपासाला लवकर बसतो असा माझा अनुभव आहे. चार फुटी टँकही नंतर वापरात आला. तीन बाजूंना काळा कागद, जाळीचा बराचसा भाग झाकलेला, पाचोळा, साली, आणि त्याच दोन अरुंद लपण्या.

हा सल्ला सगळ्या न खाणाऱ्या सापांना लावू नये. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाकडे साठाच नसतो, तिथे आठवडे मोजत बसता येत नाही. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, डोकं विचित्रपणे वर वळवून ठेवत असेल, खाल्लेलं ओकत असेल, किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर घरातली मांडणी बदलत वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी तपासणी. डोळे दुधाळ झालेला साप मात्र कात टाकेपर्यंत खाणार नाही, त्याला सोडून द्यावं.

राहतो तो एक प्रामाणिक प्रश्न. आम्ही काहीच केलं नसतं, तरी हंगाम सरल्यावर त्याने खाल्लंच असतं का? मला वाटतं, कधी ना कधी खाल्लं असतं, पण त्याआधी आणखी वजन घालवून. घराच्या बदलाला मी श्रेय देतो ते त्याने खाल्लं म्हणून नाही. खायच्या आधीच वजनाची रेघ वळली, नाक बरं झालं आणि त्याने डोकं लपवायचं सोडलं, म्हणून देतो.

हंगामाचा वाटा किती, हे पुढच्या वर्षी कळलं. दिवस लहान होऊ लागले आणि त्याने पुन्हा उंदराकडे पाठ फिरवली. घर तेच, ऊब तीच, तब्येत उत्तम. या वेळी उपास नऊ आठवड्यांचा झाला आणि वजन १४ ग्रॅमनी उतरलं. मग एका रात्री त्याने स्वतःहून लपणीच्या तोंडाशी येऊन मान वळवली. तिने मला वही दाखवायला आणली होती. त्या नऊ आठवड्यांच्या पानावर वजनाच्या चार नोंदी होत्या, आणि फुली एकही नव्हती.